प्रश्न तुमचे : लिहायला खोली नसलेली लेखिका

गेल्या अंकातील एका उत्तरात इंग्रज रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) यांचा ओझरता उल्लेख झाला होता. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवावे लागले. बहुतेकांना त्यांच्या कादंबऱ्यांपेक्षा त्यांच्या राहणीविषयी कुतूहल आहे, आणि मला स्वतःला ते रास्त वाटते.

ख्रिस्तीबाई रोज किती वाजता लिहायला बसत? त्यांचे लेखनाचे टेबल कसे होते? आमच्या दोन खोल्यांच्या घरात मला लिहायला कोपराही मिळत नाही, म्हणून विचारते आहे. (एक गृहिणी, पुणे)

तुमच्या पत्रातील शेवटच्या वाक्यामुळे हा प्रश्न मी सर्वांत आधी घेतला. ख्रिस्तीबाईंचे लेखनाचे असे टेबलच नव्हते. आत्मचरित्रात त्यांनी लिहिले आहे की, मुलाखतीसाठी येणाऱ्या वार्ताहरांना त्या आपल्या टेबलाशी बसून लिहीत असल्याचा फोटो हवा असे, आणि असे टेबल घरात कुठेच नसल्यामुळे दर वेळी पंचाईत होई. त्यांना लागत असे ते एक न डुगडुगणारे टेबल आणि टंकलेखन यंत्र, एवढेच. त्या काळी तिकडे झोपण्याच्या खोलीत तोंड धुण्यासाठी संगमरवरी फरशीचे टेबल असे. ते त्यांना लिहिण्यासाठी उत्तम वाटे. दोन जेवणांच्या मधल्या वेळात जेवणाचे टेबलही चाले. त्यांचे स्नेही म्हणत की, तुम्ही पुस्तके लिहिता कधी हेच आम्हाला कळत नाही, कारण तुम्हाला लिहिताना आम्ही कधी पाहिलेले नाही. त्यावर बाईंनी स्वतःला हाडूक घेऊन गुपचूप सटकणाऱ्या कुत्र्याची उपमा दिली आहे. ते अर्धा तास दिसेनासे होते आणि मग नाकाला माती लागलेली, ओशाळवाणे परत येते. आपलेही तसेच असावे, असे त्या म्हणतात.

सरकारी कागदांवर व्यवसायाच्या रकान्यात त्या ‘विवाहित स्त्री’ असे लिहीत. डझनावारी पुस्तके प्रसिद्ध झाल्यावरही त्यांना तेच उत्तर खरे वाटे. याला नुसता विनय म्हणून सोडून देणे मला पटत नाही. घरातल्या इतर कामांच्या मधून, जागा मिळेल तेथे आणि वेळ सापडेल तेव्हा करायचे आणखी एक काम, असेच त्या लेखनाकडे पाहत होत्या. ६६ रहस्यकादंबऱ्या, १४ कथासंग्रह, शिवाय नाटके आणि टोपणनावाने लिहिलेल्या ६ सामाजिक कादंबऱ्या एवढा संसार त्यांनी या रीतीनेच उभा केला. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्यांच्या घरी स्वयंपाकाला माणूस होते, मुलीला सांभाळायला बाई होती आणि पुढे एक विश्वासू सेक्रेटरीही होती. तुमच्या हाताशी यातले कोणी नसेल, तर तुमचे काम त्यांच्यापेक्षा अवघड आहे, हे मला ठाऊक आहे.

पहिल्या कादंबरीच्या वेळची हकिकत तुमच्या उपयोगाची वाटते. ती १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, रुग्णालयातील नोकरी सांभाळून लिहिली जात होती आणि मध्येच अडकली होती. आईने सुचवले की, दोन आठवड्यांच्या सुट्टीत डार्टमूरच्या माळावर एकटीने जाऊन राहा. तेथील एका हॉटेलात बाई सकाळभर हात दुखेपर्यंत लिहीत, जेवून माळावर फिरायला निघत आणि चालता चालता पात्रांचे संवाद मोठ्याने पुटपुटत. रात्रीच्या जेवणानंतर बारा तास गाढ झोपत आणि सकाळी पुन्हा तेच. त्या सुट्टीत कादंबरीचा बराचसा उरलेला भाग हातावेगळा झाला. पुढे सहा प्रकाशकांनी ती परत पाठवली, हेही लक्षात असू द्या. पुस्तक बाजारात यायला १९२० साल उजाडले.

त्यांच्या कादंबऱ्यांतील विषप्रयोग मला व्यवसायामुळे फार बारकाईने वाचावेसे वाटतात आणि त्यांत चूक काढता येत नाही. ही माहिती त्यांनी कोठून मिळवली? (निवृत्त औषधविक्रेते, नाशिक)

आपल्याच व्यवसायातून. पहिल्या महायुद्धात टॉर्की या त्यांच्या जन्मगावच्या रेडक्रॉस रुग्णालयात त्या आधी परिचारिका होत्या, नंतर औषधे तयार करण्याच्या विभागात गेल्या आणि १९१७ मध्ये त्या विद्येची परीक्षा रीतसर उत्तीर्ण झाल्या. त्या दिवसांत गोळ्यांची पाकिटे तयार मिळत नसत. मलम घोटायचे, मिक्श्चर मोजून भरायचे आणि विषारी औषधाची बाटली कोठे ठेवली आहे याचे भान सतत ठेवायचे, असे ते काम होते. काम कमी असलेल्या दुपारी, चारी बाजूंना विषांची कपाटे असताना, आपण रहस्यकथा लिहावी असे त्यांना वाटले, आणि अशा जागी सुचणारा खून विषानेच होणार हे ओघाने आलेच.

शिकाऊ असताना त्यांना गावातील एका नामवंत औषधविक्रेत्याकडे धडे घ्यायला पाठवले होते. तेथील एक प्रसंग आपल्याला विशेष जवळचा वाटेल. त्या गृहस्थांनी एके दिवशी सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायच्या औषधी वड्या) तयार करण्यासाठी मिश्रण केले. त्यातील औषधाचे प्रमाण बाईंनी मनाशी ताडून पाहिले, तेव्हा दशांश चिन्ह एक घर सरकले आहे आणि मात्रा दसपट झाली आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. विद्यार्थिनीने गुरूला चूक दाखवण्याचा तो काळ नव्हता, आणि ते गृहस्थही आपले चुकते असे मानणाऱ्यांपैकी नव्हते. साचे निवून सपोझिटरी डबीत भरायच्या वेळी बाईंना ठेच लागली, हातातले सगळे जमिनीवर पडले आणि त्यांचा पाय नेमका त्यावरच पडला. त्यांनी मनापासून क्षमा मागितली आणि दुसरा घाणा योग्य प्रमाणात केला. पुढे लिहिलेल्या शेकडो पानांतले त्यांचे चातुर्य मला या एका ठेचेत पूर्ण दिसते.

याच गृहस्थांनी एकदा खिशातून काळसर रंगाचा एक खडा काढून दाखवला. तो क्युरारे होता. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणाच्या टोकाला लावतात ते हे विष. तोंडावाटे गेले तर फारसा अपाय होत नाही, पण रक्तात मिसळले की स्नायू लुळे पडतात आणि श्वास थांबतो. हे बरोबर का बाळगता, असे विचारल्यावर, त्यामुळे आपल्या हाती सामर्थ्य आहे असे वाटते, असे उत्तर त्यांनी दिले. तो माणूस बाईंच्या मनात जवळजवळ पन्नास वर्षे राहिला आणि १९६१ च्या ‘द पेल हॉर्स’ या कादंबरीला त्याचा उपयोग झाला.

या कादंबरीत थॅलियमच्या विषबाधेची लक्षणे, त्यातही केस गळणे, अत्यंत अचूक वर्णिलेली आहेत. बाईंच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, कतारहून लंडनच्या एका रुग्णालयात आणलेल्या लहान मुलीचा आजार डॉक्टरांना उमगत नव्हता. तिच्या शुश्रूषेला असलेली परिचारिका त्याच वेळी हे पुस्तक वाचत होती. मुलीचे केस गळू लागलेले पाहून तिने थॅलियमची शंका बोलून दाखवली. तपासणीत ती खरी ठरली आणि मुलगी वाचली. पहिल्या कादंबरीची वाखाणणी एका औषधशास्त्रीय नियतकालिकाने केली होती आणि त्याचे बाईंना फार अप्रूप होते. ही दुसरी पावती त्यांना पाहायला मिळाली नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

त्यांना काय खायला आवडे? एवढे खून लिहिणारी बाई सिगारेट आणि मद्य यांवर जगत असेल, असा माझा समज आहे. (कोल्हापूर)

समज साफ चुकीचा आहे. त्यांनी सिगारेट ओढून पाहिली आणि मद्यही घेऊन पाहिले, पण दोन्ही कधीच आवडले नाही. जेवताना त्या पाणी पीत. खरी आवड होती डेव्हनच्या दाट सायीची. ती त्या पेल्याने पीत, आणि त्यांच्या त्या मोठ्या कपावर ‘हावरटपणा नको’ अशा अर्थाची अक्षरे होती. दुसरी आवड सफरचंदांची. १९३८ मध्ये डार्ट नदीकाठचे ग्रीनवे हे घर सहा हजार पौंडांना घेतल्यावर त्यांनी वास्तुरचनाकाराला सांगितले की, न्हाणीघरातला टब मोठा हवा आणि त्याला काठावर फळी हवी, कारण अंघोळ करताना मला सफरचंदे खायची असतात. टबात पडून राहायचे, सफरचंदे खायची आणि कथानकाचा गुंता सोडवायचा, ही त्यांची जुनी सवय होती.

आवडीनिवडीची यादी त्यांनी स्वतःच दिली आहे. गर्दी, मोठ्याने बोलणे, लांबत जाणाऱ्या गप्पा, मेजवान्या, मुरंबावजा मार्मालेड, कालवे, कोमट अन्न, ढगाळ आकाश आणि पक्ष्यांचे पाय यांचा त्यांना तिटकारा होता. सर्वांत जास्त नावडत असे ते गरम दुधाची चव आणि वास. ऊन, सफरचंदे, जवळजवळ कोणतेही संगीत, आगगाड्या, आकड्यांची कोडी, समुद्रात पोहणे, शांतता, झोप, कॉफीचा वास आणि बहुतेक सगळी कुत्री त्यांना आवडत. यातला कॉफीचा फक्त वास आवडतो, ही नोंद वाचून मला त्या एकदम ओळखीच्या वाटू लागल्या होत्या. त्यांच्या पीटर नावाच्या टेरिअर कुत्र्याला तर एक कादंबरी अर्पण केलेली आहे.

इतकी गुंतागुंतीची कथानके त्या आधी आखून ठेवत असत का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नागपूर)

आखत असत, पण तुम्हाला वाटत असेल तशी तक्त्यांवर नव्हे. त्यांच्या ७३ टिपणवह्या आज उपलब्ध आहेत आणि त्या पाहिल्या तर नीटनेटकेपणाची अपेक्षा सोडावी लागते. शाळकरी मुलांच्या वह्यांसारख्या या वह्या. अक्षर घाईचे, पुष्कळदा न लागणारे. एक कादंबरी चार-पाच वह्यांत विखुरलेली असते, आणि एकाच वहीत खुनाच्या दोन पर्यायांच्या शेजारी आणायच्या वस्तूंची यादी किंवा पत्त्यांच्या डावाचे गुण सापडतात. मोकळी दिसेल ती वही उचलायची आणि जेथे कोरे पान निघेल तेथे लिहायचे, अशी त्यांची पद्धत होती. खरे शिकण्यासारखे आहे ते पुढेच. खुनी कोण, हे त्या टिपणांत सहजपणे बदलतात. अ, आ, इ असे पर्याय मांडून प्रत्येकाला काही काळ गुन्हेगार करून पाहतात. त्यामुळेच पुस्तकातल्या प्रत्येक पात्रावर संशय घ्यायला जागा राहते.

१९२६ मध्ये त्या अकरा दिवस कोठे गेल्या होत्या? खरे कारण काय? (डोंबिवली, सोलापूर, बेळगाव आणि आणखी पाच पत्रे)

जे घडले ते थोडक्यात असे. त्या वर्षी त्यांची आई वारली आणि पती आर्ची यांनी दुसऱ्या स्त्रीच्या प्रेमात पडल्याचे सांगून घटस्फोट मागितला. ३ डिसेंबरच्या रात्री त्या मोटार घेऊन घराबाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी मोटार सरे परगण्यात बेवारस सापडली. पोलिसांनी आणि हजारो लोकांनी रानोमाळ शोध घेतला. १४ डिसेंबरला त्या हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडल्या. तेथे त्यांनी नाव नोंदवताना त्या दुसऱ्या स्त्रीचे आडनाव दिले होते. कुटुंबीयांनी स्मृतिभ्रंश झाल्याचे सांगितले.

बाईंनी आत्मचरित्रात या दिवसांविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही. रहस्य उलगडणाऱ्या लेखिकेने हे एक रहस्य स्वतःजवळ ठेवले, आणि आपण ते ठेवू द्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. त्यापेक्षा पुढच्या काही महिन्यांत काय झाले, ते अधिक महत्त्वाचे आहे. १९२७ च्या आरंभी त्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन कॅनरी बेटांवर गेल्या. मन थाऱ्यावर नव्हते, पण पैशांची गरज होती. एक अर्धवट कादंबरी त्यांनी तेथे इच्छा नसताना रेटून पूर्ण केली. ती त्यांना जन्मभर आवडली नाही. पण आपण हौशी लेखिका न राहता धंदेवाईक लेखिका झालो ते याच वेळी, असे त्या सांगतात. लिहावेसे वाटत नसताना, जे लिहितो आहोत ते आवडत नसताना आणि ते फारसे चांगले होत नसतानाही लिहायचे, हा त्यांच्या मते धंद्याचा भार.

पतीबरोबर त्या इराकमध्ये उत्खननाला जात, असे वाचले. तेथे त्या नुसत्या पाहुण्या म्हणून राहत का? (इतिहासाच्या शिक्षिका, सोलापूर)

मुळीच नाही. आर्ची यांच्यापासून घटस्फोट झाल्यावर, १९२८ मध्ये एकट्याने आगगाडीने बगदादला गेल्यावर त्या ऊर या प्राचीन शहराचे उत्खनन पाहून आल्या, आणि १९३० मध्ये पुन्हा गेल्या, तेव्हा मॅक्स मॅलोवन या तरुण पुरातत्त्वज्ञाला त्यांना प्रदेश दाखवण्याचे काम देण्यात आले. वाटेत मोटार वाळूत रुतली. मदत येईपर्यंत बाईंनी ना तक्रार केली ना कोणाला दोष दिला. मोटारीच्या सावलीत त्या आडव्या झाल्या आणि झोपी गेल्या. ही बाई बायको म्हणून उत्तम, असे आपण त्याच क्षणी ठरवले, असे मॅक्स यांनी पुढे त्यांना सांगितले. ते वयाने जवळजवळ चौदा वर्षांनी लहान होते. त्याच सप्टेंबरमध्ये लग्न झाले आणि ते अखेरपर्यंत टिकले. ‘पुरातत्त्वज्ञ नवरा उत्तम, कारण बायको जितकी जुनी तितका त्याला तिच्यात रस’ हे वाक्य त्यांच्या नावावर सगळीकडे फिरते. आपण असे काही म्हटल्याचे त्यांनी स्वतःच नाकारले होते, तेव्हा ते त्यांच्या तोंडी घालणे आता थांबवावे.

सीरिया आणि इराकमधील उत्खननांवर त्या छायाचित्रे काढत, वस्तूंची नोंद ठेवत आणि भांड्यांचे तुकडे जुळवत. १९४९ पासून मॅक्स यांनी निमरूद येथे असिरियन राजवाड्याचे उत्खनन हाती घेतले. तेथील विहिरीच्या चिखलातून जवळजवळ अठ्ठावीसशे वर्षांपूर्वीचे हस्तिदंती कोरीवकाम निघाले. त्यात एका स्त्रीचा इतका सुंदर मुखवटा होता की त्याला निमरूदची मोनालिसा म्हणू लागले. ठिसूळ झालेल्या हस्तिदंताच्या खाचांतून माती काढायची, पण त्याला ओरखडा पडू द्यायचा नाही, हे फार नाजूक काम होते. बाईंनी त्यासाठी नखे साफ करण्याची लाकडी काडी, विणकामाची बारीक सुई आणि चेहऱ्याला लावायचे क्रीम ही साधने वापरली. क्रीममुळे माती हळुवार सुटून येई. ते इतके खपू लागले की दोन आठवड्यांनी आपल्या बिचाऱ्या चेहऱ्यासाठी काही उरले नाही, असे त्या लिहितात.

येथेच त्यांना, लेखनाची अशी म्हणता येईल ती खोली मिळाली. पन्नास पौंड खर्चून त्यांनी उत्खननाच्या घराला लागून कच्च्या विटांची एक लहानशी चौकोनी खोली बांधून घेतली. दारावर कीलाकार लिपीत ‘बैत अगाथा’, म्हणजे अगाथाचे घर, अशी पाटी होती आणि खिडकीतून कुर्दिस्तानचे बर्फाच्छादित डोंगर दिसत. मी वर ज्या आत्मचरित्राचा वारंवार आधार घेतला, ते १९५० मध्ये त्यांनी या खोलीत लिहायला घेतले आणि १९६५ मध्ये पूर्ण केले.

पॉयरो त्यांचा आवडता होता की मिस मार्पल? (एक शाळकरी वाचक, रत्नागिरी)

मार्पल. (हे दोघे त्यांच्या कादंबऱ्यांत गुन्ह्यांचा छडा लावतात. पॉयरो बेल्जियन गुप्तहेर, तर मार्पल एक म्हातारी बाई.) पॉयरोचा त्यांना पुढे कंटाळा आला होता आणि त्यांनी तो लपवला नाही. पहिल्या महायुद्धात टॉर्कीला बेल्जियन निर्वासित आले होते. त्यांना पाहून तो सुचला. मार्पलबाईंमध्ये मात्र त्यांच्या आजीच्या वर्तुळातील म्हाताऱ्या उतरल्या आहेत. आजी कोणाविषयीही वाइटाचीच अपेक्षा करी आणि बहुतेक वेळा तिचेच खरे ठरे.

या दोघांच्या शेवटच्या कादंबऱ्या त्यांनी खूप आधी लिहून ठेवल्या होत्या, हे खरे का? तसे का केले? (ठाणे)

खरे आहे. दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनमध्ये राहून एका मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागात पुन्हा काम करत होत्या. मॅक्स युद्धसेवेत परदेशी होते आणि शहरावर बॉम्ब पडत होते. आपण वाचलो नाही तर घरच्यांसाठी काहीतरी मागे असावे, म्हणून त्यांनी दोन जादा कादंबऱ्या लिहिल्या, त्या सुरक्षित ठेवल्या आणि कायदेशीर दानपत्र करून पॉयरोची कादंबरी मुलीच्या नावे, तर मार्पलची पतीच्या नावे केली. पॉयरोची शेवटची कादंबरी १९७५ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या काही महिने आधी आली, आणि मार्पलची १९७६ मध्ये, त्या गेल्यानंतर. देण्याची ही सवय पुढेही राहिली. १९५२ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘द माउसट्रॅप’ या नाटकाचे हक्क त्यांनी नऊ वर्षांच्या नातवाला देऊन टाकले होते, आणि ते नाटक लंडनमध्ये अजून चालू आहे. २०२० च्या साथीत मात्र त्याला वर्षाहून अधिक काळ खंड पडला होता.

त्या दोन कादंबऱ्यांविषयी बाईंनी मुलीला आणि पतीला सांगितले होते की, माझ्या अंत्यविधीहून घरी याल, तेव्हा प्रत्येकाच्या हाती एकेक पुस्तक आहे या विचाराने तुम्हाला जरा बरे वाटेल. आम्हाला पुस्तकांपेक्षा तूच हवी आहेस, असे दोघे म्हणाले. तशी आशा मला आहेच, असे उत्तर बाईंनी दिले, आणि तिघेही पुष्कळ हसले.